दीड आटा

"रेस दे जरा," जलाल म्हणाला. धनाजीने ट्रॅक्टरची रेस वाढवली, तसा जलालने खिशातला पांढरा रुमाल सायलेन्सरच्या तोंडाशी धरला, मनात दहा आकडे मोजले आणि रुमाल धनाजीपुढे उलगडला. सकाळी याच रुमालाच्या दुसऱ्या टोकावर पंज्याएवढा काळाकुट्ट डाग उमटला होता. आताचा डाग सांडलेल्या चहासारखा फिका होता.

"चाचा, ह्यो तर न्हाईच म्हणायचा," धनाजी म्हणाला.

सकाळपासून जलालने भुशाने कोंदलेला एअर फिल्टर धुतला होता, नोझल बदलले होते आणि शेवटी डिझेल पंपावरचा तो एक स्क्रू दीड आटा, म्हणजे दीड फेरा, आत घेतला होता. इंजिनाला पचेल तेवढंच डिझेल आता आत जात होतं. पचत नव्हतं ते आजवर धूर होऊन बाहेर पडत आलं होतं.

खळ्याच्या कडेला भाताच्या भाऱ्यावर बसून ठकुबाई हे बघत होती. ती धनाजीची आई. भोरच्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात तिची छाती तपासून सांगितलं होतं, की फुप्फुसं निम्मी कामातून गेली आहेत. मळणीचा आणखी एक हंगाम धुरात काढला तर पुढचं सांगता येणार नाही. म्हणून धनाजीने नसरापूरहून जलाल मिस्त्रीला बोलावून घेतलं होतं. आईला मळणीवरून उठवणं त्याच्या हातात नव्हतं. ट्रॅक्टरवर चालणाऱ्या मळणीयंत्राच्या तोंडात पेंढी सारताना हात नेमका कुठं थांबवायचा, ते अंगात मुरावं लागतं. मागच्या साली शेजारच्या वाडीत एका नवख्या बाईची तीन बोटं गेली, तेव्हापासून त्या जागी उभं राहायला कुणी धजत नव्हतं. तरणी माणसं शिरवळच्या कंपन्यांत कामाला. धनाजी स्वतः एकदा उभा राहिला होता, तर त्याची बाही आत ओढली गेली. ठकुबाईने त्याला मागं खेचलं आणि परत तिथं फिरकू दिलं नाही. ती ट्रॅक्टरच्या मागं, यंत्राच्या तोंडाशी उभी राही, आणि डोंगरावरून उतरणारा वारा सगळा धूर तिच्या अंगावर आणून टाकी.

हा धूर जलालच्याच हातचा होता. बावीस वर्षांपूर्वी ठकुबाईच्या नवऱ्याने, कोंडिबाने, खोऱ्यातला पहिला ट्रॅक्टर आणला. हाच तो. पहिल्याच चिखलणीला तो खाचरात रुतून बंद पडला. जलालने बांधावर बसून पंपावरचं कंपनीचं शिशाचं सील पकडीने तोडलं आणि स्क्रू दीड आटा बाहेर घेऊन डिझेल वाढवलं. काळ्या धुराचा लोट सोडत ट्रॅक्टर चिखलातून वर आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. कोंडिबाने नारळ फोडला होता. ते सील कशासाठी असतं, हे जलालला पुण्यातल्या तीन दिवसांच्या वर्गात नीट शिकवलेलं होतं. पण दुसऱ्या वर्षापासून वेल्ह्याच्या बाजूचा प्रत्येक ट्रॅक्टर नसरापूरला त्याच्या दारात येऊ लागला. दीड आटा द्या म्हटलं की बाकी काही सांगावं लागत नसे. पुढं तर धूर हेच ताकदीचं माप झालं. धूर न सोडणाऱ्या ट्रॅक्टरला कुणी शेतात बोलावीना. त्याने किती सीलं तोडली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दुपारी मळणी सुरू झाली. ठकुबाईच्या हाताला दोन-दोन पेंढ्या एकदम सारायची सवय. पहिल्या दोन आत गेल्या आणि इंजिन घुसमटून बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. याच ट्रॅक्टरवर पुढचा नंबर गावातल्या गेनबाच्या भाताचा होता, म्हणून तो येऊन बसला होता.

"मिस्त्री, ट्रॅक्टर नीट केलाय का उपासाला बसवलाय?" त्याने विचारलं.

जलालने एकेक पेंढी घालायला सांगितली. एकेक घातली तसं इंजिन ओढू लागलं, आणि धूर दिसेना. धनाजी मात्र बोटांवर हिशेब करत होता. एका दिवसाचं काम अडीच दिवसांवर जात होतं. तोरण्याच्या मागं सकाळपासून ढग दाटले होते, मोबाईलवर पावसाचा इशारा येऊन गेला होता. गेनबाचं भात कापून शेतातच पसरलेलं होतं. त्याची थट्टा आता थांबली. असंच चालणार असेल तर पानशेतकडनं दुसरा ट्रॅक्टर बघतो, असं तो हळूच म्हणाला. धनाजीने मान खाली घातली.

ठकुबाईने यंत्राचं तोंड सोडलं आणि ती जलालसमोर येऊन उभी राहिली.

"जलालभाऊ, तुमचा आटा उघडा परत."

"वैनी, डागदरनं काय सांगितलंय?"

"मला सांगितलंय. भाताला कुठं सांगितलंय? भिजलं तर कोंब येत्याल. गेनबाचं बी तिकडं पडलंय." तिला दम घ्यायला थांबावं लागलं. "तोंडाला पदर बांधते की."

"पदरानं थांबत न्हाई ते."

"ठावं हाय," ती म्हणाली. "उघडा."

जलालने अर्धाच आटा उघडला. इंजिन बंद पडलं. त्याने एक केला. तरीही दोन पेंढ्या जड जात होत्या. मग उरलेला अर्धाही त्याने दिला.

"आत्ता आला जोर," गेनबा म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. तो उठून स्वतःच भारे वाहू लागला. ठकुबाईने पदर नाकावरून मागं नेऊन घट्ट बांधला आणि ती आपल्या जागेवर गेली.

एस.टी.चा थांबा खळ्याच्या खाली, रस्त्याच्या वळणावर होता. तिथून खळं दिसत नव्हतं. परतीच्या गाडीची वाट बघत जलाल तिथल्या दगडावर बसला. त्याला दिसायची गरज नव्हती. दोन पेंढ्या आत गेल्या की इंजिनाचा आवाज दबायचा, त्या झोडपून झाल्या की पुन्हा उठायचा; आणि प्रत्येक दाबाबरोबर वर झाडांमागून धुराचा एक काळा गोळा निघायचा. किती पेंढ्या झाल्या ते तो नकळत मोजू लागला. साठाच्या पुढं दोन दाबांमधलं अंतर वाढलं. मग मध्ये एक लांब खंड पडला. पुन्हा एकदा आवाज दबला, उठला.

एस.टी. आली. जलालने पायरीवर एक पाय ठेवला आणि तो तसाच थांबला. वरचा आवाज उठला होता, तो पुन्हा दबत नव्हता; पुढच्या पेंढ्या आत जात नव्हत्या. झाडांवरचा धूर विरळ होत गेला, मग दिसेनासा झाला.

"चढा, चाचा," कंडक्टर म्हणाला.

वर इंजिन पुऱ्या वेगात मोकळंच फिरत होतं.