वरून उतार, खालून चढ

"काका, तुम्ही स्वतः या खुर्चीत बसून वर चढून दाखवता का?"

मित्रांनो, हा प्रश्न विचारला आमच्या घरच्या लेकीने. फाटकाशी उभ्या असलेल्या तिच्या दोन मैत्रिणींनी तोंडावर हात दाबले. शाळेतल्या रॅम्पवर रोज तिची चाकांची खुर्ची ढकलणाऱ्या या दोघी. "हिंमत असेल तर विचार त्यांना," असं म्हणून मघाशी त्यांनीच तिला डिवचलं होतं. घराला नवा रॅम्प दाखवायला आलेले काका हातातला पाना तसाच धरून बाबांकडे बघायला लागले.

मी हे सगळं भिंतीला टेकून बघत होतो. मी एक जुना दरवाजा आहे. आता दरवाजा चौकटीत सोडून भिंतीला टेकून काय करतोय, असं तुम्ही विचाराल. सांगतो.

सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केलं, तेव्हा मला वाटलं होतं की आपण दिवाणखान्यात मिरवणार. लागलो अडगळीच्या खोलीला. आत मोडका पंखा, वाळलेल्या रंगाचे डबे आणि कुणाला टाकवत नाही असलं सामान. माझ्याकडे ढुंकून बघायचं कुणाला काही कारणच नव्हतं.

मग एका मोठ्या आजारपणानंतर लेक चाकांच्या खुर्चीतून घरी आली. समोर तीन पायऱ्या. बाबा त्या पायऱ्यांकडे नुसते बघत राहिले. मग तरातरा आत गेले, माझ्या बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, मला पाठीवर टाकून बाहेर आणलं आणि पायऱ्यांवर आडवं केलं. लेक माझ्या अंगावरून घरात शिरली. शेजारी म्हणाले, "काय डोकं चालवलंत हो." माझी छाती अभिमानाने फुगली.

पुढे ती पावसाच्या पाण्याने खरोखरच फुगली. कौतुक आठवडाभर पुरलं, आणि नंतर जो तो माझ्यावर चिखलाचे बूट घासून आत जाऊ लागला. मला ना कुणी पुसलं, ना झाकलं. पापुद्रे सुटले, कडेला शेवाळ धरलं. परवा लेकीला वर ढकलताना बाबांचा पाय माझ्यावरून सटकला. खुर्ची त्यांनी सोडली नाही, पण गुडघा फोडून घेतला. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता आपली रवानगी सरळ चुलीत.

म्हणून आज माझ्या जागी हा नवा पाहुणा आला होता. चकचकीत पत्र्याचा, सुटकेससारखा मिटणारा.

"उतार बघा कसा झकास आहे," काका म्हणाले होते. लेक वरून सुर्रकन खाली आली. आईने टाळ्या वाजवल्या.

"झाला हिचा रॅम्प वॉक. आता पोज दे," चष्मेवाली मैत्रीण म्हणाली आणि सगळे हसले.

बाबा खूश. "हाच घेऊन टाकू. आटोपशीर आहे, स्कूटरची जागाही जात नाही."

लेक मात्र खुर्ची वळवून खालून वर बघत होती. वर उभ्या असलेल्या सगळ्यांना तो उतार दिसत होता. ती बसली होती तिथून तो चढ होता. इतके दिवस तिच्या चाकांखाली पडून राहूनही मला हे सुचलं नव्हतं, कारण घरी परतताना तिच्या मागे ढकलायला कुणीतरी असायचंच. ते कुणीतरी नसेल तर? घरातून जाता येईल, पण घरात येता येणार नाही.

आणि तेव्हाच तिने तो प्रश्न विचारला.

"मी? बरं, होऊन जाऊ दे," काका कसंनुसं हसले. बाबांनी लेकीला उचलून ओट्यावर बसवलं. काका खुर्चीत बसले.

"पाय टेकायचे नाहीत हं, काका," चष्मेवाली.

काकांनी चाकं फिरवली. एकदा, दोनदा. मध्यावर पोचले आणि जोर लावायला मागे रेलले, तशी पुढची छोटी चाकं हवेत उचलली गेली. खुर्ची पाठीवर कलंडायला लागली. बाबांनी झेप घेऊन मागच्या मुठी धरल्या, म्हणून काका वाचले.

काकांचा चेहरा पांढराफटक. "मला सवय नाही ना," ते म्हणाले.

"तेच तर. हिला सवय आहे," बाबा घाईघाईने म्हणाले.

"मग मी करून बघते," लेक म्हणाली. "पण कुणी हात लावायचा नाही."

बाबांनी तिला परत खुर्चीत बसवलं. ती पुढे वाकली आणि निघाली. मध्य ओलांडला. मैत्रिणींचं हसू कधीच पळालं होतं. वर वीतभर अंतर उरलं आणि चाकं थांबली. वर जाईनात, खाली सोडता येईनात. तिचे दंड थरथरत होते, घट्ट धरलेल्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"धरते गं मी," आई पुढे झाली.

"नको, आई."

"अगं पडशील."

"बाबा, मागे उभे राहा. पण मी म्हणेपर्यंत धरू नका."

बाबा उभे राहिले. हात पुढे, पण खुर्चीला न लागलेले. ती एकेक बोट सैल करत, चाकं रोखत, इंचाइंचाने मागे उतरली. खाली पोचल्यावर तिने तळवे बघितले. लालभडक.

आईने ते हात आपल्या हातात घेतले. "कशाला हा हट्ट? आम्ही आहोत ना राणी. जन्मभर ढकलू तुला."

काका खाकरले. "दुसरा रॅम्प आहे माझ्याकडे. लांबलचक, मध्ये वळण घेणारा. चढ आहे हे हातांना फारसं कळतही नाही. पण तुमचं अंगण सगळं खाईल तो. हे साहेब म्हणाले जागा कमी आहे, म्हणून मी तो दाखवलाच नाही."

"अख्खं अंगण?" बाबा म्हणाले. "मग स्कूटर कुठे लावू?"



मित्रांनो, माझं पुढे काय होईल, कोण जाणे. पण एवढं ऐका. कुणासाठी वाट करायची असेल, तर ज्याला त्या वाटेने जायचंय त्याच्या जागेवर बसून ती एकदा बघा. आणि केलीत की तिला पुसा, तिचे सैल स्क्रू आवळा. आमच्यासारख्यांना विसरलात की आम्ही नेमके तुमच्या माणसांनाच पाडतो.

लेकीने आईच्या हातातून आपले हात हळूच सोडवून घेतले. तिने आधी बाबांकडे बघितलं, मग आईकडे.

"माझं ठरलंय," ती म्हणाली. "लांबवाला रॅम्प बसवायचा. स्कूटर फाटकाबाहेर लावा, बाबा. तो बसला की मी शाळेतून एकटी येणार. आणि आई, तू दारात वाट बघत उभी राहायचं नाहीस. मला घराची एक किल्ली करून द्या."