कुंकवाखालचा लाल दिवा

मित्रांनो, मी आहे नखाएवढा, पण मोटारीचं दुखणं सगळ्यांत आधी कळतं ते मला! मी एका जुन्या काळ्या टॅक्सीतला ऑइलचा लाल दिवा. चावी फिरवली की मी पेटतो, इंजिन सुरू झालं की विझतो. चालत्या गाडीत मी पेटलो, तर समजावं की इंजिनाला तेल मिळत नाही. गाडी तिथल्या तिथे थांबवावी. एवढंच माझं काम.

माझे मालक शिवपुत्र सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहायचे. सुरुवातीला काय कौतुक होतं माझं! "ह्यो पेटला की आपण थांबायचं," असं ते प्रवाशांना मोठ्या ऐटीत सांगत.

मग त्र्याहत्तर साली माझी वायर पत्र्याला घासून सोलली गेली. खड्डा आला की उघडी तार पत्र्याला टेकायची आणि मी उगाचच पेटायचो. मालक उतरून तेल मोजायची पट्टी बघायचे. तेल पुरेपूर! प्रवासी हसायचे, "काय शिवपुत्र, गाडीला डोळे आले काय?"

मला सांगावंसं वाटे, 'मालक, तेल नको, वायर बघा.' पण दिव्याला तोंड कुठलं?

खंडेनवमीला गाडीची पूजा झाली. मालकीणबाई, म्हणजे गिरिजाबाई, हळदकुंकू घेऊन आल्या. मालक म्हणाले, "ह्या दिव्याला जरा जाडच लाव. लई खोटं बोलतो." माझ्या काचेवर ओल्या कुंकवाचा थर बसला आणि वाळला. मला जग दिसेना, जगाला मी.

चारच दिवसांनी जवळच्या वळसंग गावाहून सोजरबाईंचा निरोप आला. बाळंतपणाला माहेरी आलेली त्यांची लेक रंभा अडली होती. भर दुपारी मालक दोघींना घेऊन सोलापूरच्या दवाखान्याकडे निघाले.

रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी पसरलेली. एक दगड इंजिनाच्या तळाला बसला, बोल्ट सैल झाला आणि तेल गळू लागलं. मी पेटलो. या वेळी खरा पेटलो! वाळलेल्या कुंकवाला एक बारीक चीर गेली होती, तिच्यातून मालकांना लाली दिसली. त्यांनी बोट पुढे केलं.

"कुंकू पुसू नगंस, बाबा," मागून सोजरबाई म्हणाल्या. "पोरीचा जीव टांगलाय. आज तरी नगं."

मालकांनी हात मागे घेतला. "तसंबी खोटाच हाय की त्यो," ते पुटपुटले.

डिकीत तेलाचा भरलेला डबा होता. बोल्ट आवळून तेल ओतायला दहा मिनिटं पुरली असती.

थोड्याच वेळात इंजिन खडखडलं आणि जाम झालं. सोजरबाई रस्त्याच्या मधोमध पदर पसरून उभ्या राहिल्या. कितीतरी वेळाने एक ट्रक थांबला. रंभाला उचलून त्यात ठेवलं. मागे राहिलो मी, अजून पेटलेलाच.

गॅरेजात वीरभद्रप्पा मिस्त्रींनी चावी फिरवली आणि माझी वायर इंजिनापासून सोडवली. तरी मी पेटलेलाच.

"बघ, वायर काढल्यावर दिवा विझायला पायजे. विझत न्हाय, म्हणजे वायर कुटंतरी टेकतीय." बोटांनी चाचपत त्यांनी सोललेली जागा शोधली. "दिवा खोटा नव्हता, शिवपुत्र. तू त्याचं दुखणं बघितलंच न्हाईस."

 ओलं फडकं घेऊन मालक माझी काच पुसत राहिले, स्वच्छ झाल्यावरही.

दोन महिन्यांनी ते पुन्हा वळसंगला गेले. रंभा वाचली होती. बाळ वाचलं नव्हतं.

"मीच तुझा हात आडवला," सोजरबाई म्हणाल्या.

"हात माझा हुता, मावशी," मालक म्हणाले.

मित्रांनो, आम्हा दिव्यांना पूजा नको असते. आम्ही चुकलो असं वाटलं, तर झाकू नका. का पेटलो ते शोधा. आमची चूकसुद्धा काहीतरी सांगत असते.

वळसंगच्या त्या फेरीत रंभा आमच्याच टॅक्सीने सासरी निघाली होती. ती पुढच्या सीटवर बसली. मालकांनी चावी फिरवली, मी पेटलो.

"ह्यो का पेटला?" तिने विचारलं.

"विझंल आता. न्हाय विझला, तर आपण निघायचं न्हाय."

इंजिन सुरू झालं. मी विझेपर्यंत तिने माझ्यावरची नजर हलवली नाही.