सज्ज्याखालची भेग

सभागृहात शेवटच्या रांगेत बसलेल्या धाकटीच्या बाहीवर पांढरी भुकटी पडली. तिनं ती झटकली. पुन्हा पडली, तेव्हा मात्र तिनं मान वर केली.

वर लाकडी सज्जा होता. तिन्ही भिंतींना धरून फिरलेला, नक्षीदार कठड्याचा, बिडाच्या सडपातळ खांबांवर पेललेला. ही निवासी शाळा उभी राहिली तेव्हापासूनचा. पाहुणे आले की आधी त्याचेच फोटो काढायचे. आज वार्षिक समारंभ, त्यामुळे खाली पालक आणि मोठे वर्ग, आणि वर सज्ज्यात सगळी लहान पोरं दाटीवाटीनं बसलेली.

धाकटी जुन्या इमारतींची दुरुस्ती करणारी आर्किटेक्ट. तिची थोरली बहीण इथली मुख्याध्यापिका. सुट्टीत सज्ज्याचं काम काढायचं म्हणून धाकटी गेल्या आठवड्यात पाहणी करून गेली होती. मुख्य तुळई मागच्या भिंतीत शिरते तिथे तिला केसाएवढी भेग दिसली होती. जुनी, मुरलेली वाटली. तरी खबरदारी म्हणून तिनं भेगेवर प्लॅस्टरची पातळ पट्टी लावली होती. काही हलायला लागलं, तर आधी ती पट्टी तडकते.

पट्टी तडकली होती. नुसती तडकली नव्हती, तिचे दोन तुकडे होऊन मध्ये बोटाचं नख जाईल एवढी फट पडली होती.

व्यासपीठावर विश्वस्तांचे अध्यक्ष बोलत होते, आणि त्यांच्या भाषणानंतर होतं शाळेचं गीत. त्या गीताच्या शेवटच्या ओळीला सगळी शाळा एकदम पाय आपटते. "भिंती हादरल्या पाहिजेत!" असं ड्रिलचे मास्तर पोरांना दरवर्षी बजावायचे.

ती उठली आणि भिंतीच्या कडेकडेनं पुढे निघाली. चालताना मनातून एक आवाज हटत नव्हता: पुन्हा तोंडघशी पडलीस तर? गेल्या वर्षी तिनंच पूर्वेचं वसतिगृह तडकाफडकी रिकामं करायला लावलं होतं. पोरं महिनाभर वर्गात गाद्या टाकून झोपली, पालकांनी शाळा डोक्यावर घेतली, आणि शेवटी भिंत निघाली ठणठणीत. विश्वस्तांनी ताईला भर बैठकीत फैलावर घेतलं होतं. "शाळा तुम्ही चालवता की तुमची बहीण?"

व्यासपीठाच्या मागून वर चढून ती ताईच्या खुर्चीशेजारी उकिडवी बसली.

"ताई, सज्जा रिकामा करायला हवा. आत्ता."

ताईनं मान वळवली नाही. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून ती पुटपुटली, "पुन्हा सुरू झालं का तुझं?"

"तुळई भिंतीतून सरकतेय. पोरांनी पाय आपटले तर..."

"खात्री आहे?"

धाकटीनं गच्च भरलेल्या सज्ज्याकडे पाहिलं. हो म्हणणं सोपं होतं.

"नाही," ती म्हणाली. "खात्री नाही. पण माझं पोर वर असतं, तर मी त्याला आधी खाली आणलं असतं."

आता ताईनं तिच्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग पदर सावरत ती उठली आणि थेट माईकपाशी गेली. अध्यक्षांचं वाक्य अर्धवटच राहिलं.

"माफ करा, साहेब. मुलांनो, यंदा आपण शाळेचं गीत बाहेर मैदानात म्हणणार आहोत. आधी सज्ज्यातले वर्ग उतरतील. पण गंमत अशी आहे, की पावलाचा आवाज करायचा नाही. अगदी मांजरासारखं. जो वर्ग सगळ्यात गुपचूप उतरेल, त्याला उद्या सुट्टी!"

पोरांनी तोंडावर हात दाबून एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्ष लालबुंद झाले. "हा काय पोरखेळ आहे, बाई?"

"नंतर बोलू, साहेब," ताई म्हणाली, आणि सज्ज्याखाली बसलेल्या पालकांना आणि मोठ्या वर्गांना तिनं हात जोडून पुढच्या दारांनी बाहेर जायला सांगितलं.

धाकटी धावतच जिन्यापाशी पोचली. जिना अरुंद, दोघं जेमतेम मावतील असा. पोरं चवड्यांवर उतरू लागली, खुदखुदत, एकमेकांना "श्श" करत. तिची नजर तुळईवर खिळलेली. भुकटी आता थेंबासारखी टपटपत होती.

निम्मी पोरं उतरली असतील, तोच लाकूड करकरलं. वरची पोरं जागच्या जागी थिजली. एका मुलीनं भोकाड पसरलं. ड्रिलचे मास्तर वर कठड्याशी होते, त्यांनी ओरडायला तोंड उघडलं.

"मास्तर, आवाज नको!" ताईचा स्वर माईकवरून आला, शांत, रोजच्या हजेरीसारखा. "लाकूड जुनं आहे, कुरकुरणारच. जिंकायचंय ना? चला, पुढचा बाक."

मास्तरांना उमगलं. रडणाऱ्या मुलीला कडेवर घेऊन ते हळूच चालू लागले, आणि त्यांच्यामागे बाकीची पोरं. सगळ्यात शेवटी पोरांबरोबर वर बसलेले गाण्याचे सर उतरले, दुखऱ्या गुडघ्यामुळे एकेक पायरी चाचपत. धाकटीनं त्यांचा दंड धरला आणि जवळजवळ ओढतच दाराबाहेर काढलं.

ती दोघं ओसरीवर पोचली असतील नसतील, मागे तोफ डागल्यासारखा आवाज झाला. सज्ज्याचा मागचा कोपरा तुळईसकट खाली आला होता. वरचे बाक घसरत येऊन पालकांच्या रिकाम्या खुर्च्यांवर आदळले होते, आणि सगळं सभागृह चुन्याच्या धुरळ्यानं भरून गेलं होतं.

मैदानात वर्गशिक्षकांनी पोरं मोजली, पुन्हा मोजली. सगळी होती.

ताई ओसरीच्या पायरीवर मटकन बसली. अध्यक्ष पांढरेफटक होऊन आले, दारातून एकदा आत डोकावले आणि मैदानातल्या पालकांकडे वळले.

"गेल्या वर्षीसारखी तू छातीठोकपणे हो म्हणाली असतीस ना," ताई म्हणाली, "तर मी बसून राहिले असते गं. नाही म्हणालीस, तेव्हाच मला भीती वाटली."

धाकटीनं बहिणीचे हात आपल्या हातात घट्ट धरून ठेवले.

दुपारी भिंत उकरली. पावसाच्या पाण्याचा नळ आतल्या आत वर्षानुवर्षं झिरपत होता, आणि तुळईचं टोक कुजून ओल्या भुशासारखं हातात आलं. सभागृहाला कुलूप लागलं. बाकीच्या सगळ्या इमारती तपासायचं ठरलं, आणि आपल्याबरोबर दुसराही तज्ज्ञ असावा, असं धाकटीनंच सांगितलं.

संध्याकाळी कार्यालयातला फोन थांबायला तयार नव्हता. समारंभाला न आलेल्या पालकांपर्यंत बातमी पोचली होती. ताई एकेकाला तेच सांगत राहिली आणि सांगता सांगता तिचा आवाज बसला. पुन्हा घंटी वाजली, तेव्हा धाकटीनं तिच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

"मुख्याध्यापिकाबाई आहेत का?" पलीकडून एक घाबरलेली आई विचारत होती.

"मी त्यांची बहीण बोलतेय," धाकटी म्हणाली. "मुलाचं नाव सांगा, मी आत्ता बोलावून देते. सगळी मुलं सुखरूप आहेत."