कल्याणातले दोन तंबू

कल्याणच्या पेठेत पूर्वी तंबूतला सिनेमा एकच होता, असं सहदेव आजोबा साठ वर्षं सांगत आले. दोन होते, असं त्यांच्या पत्नी रखमाबाई तितकीच वर्षं सांगत आल्या. संसार बाकी सुखाचा झाला.

मी त्यांच्या घरी गेलो तो मुलांना घेऊन. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये मी मुलांचा वर्ग घेतो. त्याला शिकवणी म्हणत नाही, कारण शिकवणी म्हटलं की आया गुण विचारतात. या वर्षी आम्ही पेठेतली विसरलेली थिएटरं शोधायची ठरवली होती. पेठेतल्या व्यापारी मंडळाचा चिटणीस कुंडलिक माझा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "सर, तुम्ही फक्त जागा शोधून द्या, पाट्या आम्ही लावतो."

पहिली मुलाखत सहदेव आजोबांची. वय शहाऐंशी, आवाज तिशीतला.

"भाऊशेटचा तंबू," ते म्हणाले. "कापडगल्लीतून आत शिरायचं. मी काकाच्या खांद्यावर बसून गेलेलो. पोरं पुढे जमिनीवर, मोठी माणसं मागे बाकड्यांवर. आणि बाई म्हणशील तर एकसुद्धा नाही. बायका सिनेमाला जायच्याच नाहीत तेव्हा."

"मग मी काय बोकड होते?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"अगं, तू जत्रेत बघितला असशील कुठल्यातरी."

रखमाबाई हात पुसत बाहेर आल्या. "जत्रेत नाही. तळ्याच्या गल्लीतून आत जायचं. तळ्यावरचा सिनेमा म्हणायचो आम्ही. आत सगळ्या बायका, दारावरसुद्धा बाईच. आत्या न्यायची मला. लग्न झाल्यापासून हे मला खोटं पाडतायत. पोरंसुद्धा हसतात आता, आजीचा सिनेमा म्हणून. मास्तर, एक पाटी माझ्या तंबूला लावा. मग मी सुखानं मरेन."

"लावू नका मास्तर," आजोबा म्हणाले. "घाई करेल."

दोन साक्षीदार दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतील, तर दोन्ही लिहून घ्याव्यात, असं मी मुलांना नेहमी शिकवतो. या वेळी मी त्यात थोडी भर घातली. दोन्ही लिहून घेतल्या आणि लगेच बेरीजही करून टाकली. कुंडलिकला सांगितलं, थिएटरं दोन. एक पुरुषांचं, एक खास बायकांचं.

कुंडलिक खुर्चीतून उठलाच. "बायकांचं स्वतंत्र थिएटर! त्या काळात! सर, आपलं कल्याण कुठल्या कुठे होतं!" त्याच आठवड्यात मंडळानं दोन पाट्यांचा ठराव केला. एका स्थानिक साप्ताहिकानं बातमी छापली. तिसऱ्या आठवड्यात तीच बातमी आमच्याकडे मोबाइलवर फिरून आली, तोवर त्या थिएटरात मशीन चालवणारीही बाई झाली होती. ती कुठून आली हे मला माहीत नाही. मी मात्र ती बातमी चार जणांना पुढे पाठवली.

वर्गातली संचिता मात्र खूश नव्हती. ही सहावीतली मुलगी. कुठलीही गोष्ट मोजून पाहिल्याशिवाय तिला पटत नाही. तिनं वर्गातल्याच सिद्धेशला मोजण्याच्या टेपचं एक टोक धरायला लावलं आणि दोन्ही गल्ल्या मोजून काढल्या. कापडगल्लीत हल्ली मोबाइलच्या कव्हरांची दुकानं आहेत, तळ्याच्या गल्लीत एक ब्यूटी पार्लर. दोन्हींच्या मधे जी जागा आहे, तिथे आता दुचाक्या उभ्या असतात. आलेखाच्या कागदावर तिनं आजी-आजोबांनी सांगितलेल्या मापाचे दोन्ही तंबू काढले आणि कागद माझ्यापुढे ठेवला.

"सर, मावत नाहीत. एक उभा केला की दुसरा त्याच्या अंगावर पडतो."

"मोजण्यात चूक असेल."

"तीनदा मोजलंय. आणि सर, एक मिनिट." तिनं वही उघडली. "आजोबा म्हणाले, आमच्या सिनेमात पडद्यावर एखादी बाई रडली की शंभर बायका रडल्यासारखा आवाज यायचा, असा आवाज आता कुठे येत नाही. आणि आजी म्हणाल्या, त्यांच्या सिनेमात मारामारी आली की आतून शिट्ट्या यायच्या. सिनेमातच भरलेल्या असायच्या."

"मग?"

"मग काय, सर?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चाळीस वर्षं मुलांकडे पाहत आलो.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. लहानपणी गावच्या जत्रेत मी स्वतः पाहिलं होतं ते. तंबूच्या मधोमध ओला करून ताणलेला पडदा. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. चित्र दोन्हीकडून दिसतं. बायकांना आधी आत घ्यायचे आणि खेळ संपला की आधी सोडायचे, त्यांच्या दारानं. हे सगळं मला माहीत होतं. पण बेरीज इतकी छान झाली होती की ते आठवायची गरजच पडली नाही.

पुढच्या रविवारी हॉलच्या मधोमध मुलांनी चादर बांधली आणि गणपतीतला प्रोजेक्टर लावला. सहदेव आजोबा अलीकडे, रखमाबाई पलीकडे. खिडक्या बंद केल्या. चादरीवर सिद्धेश वडापाव खाताना दिसू लागला.

"हेच!" पलीकडून आवाज आला. "आमच्या सिनेमात सगळे असेच डावखुरे असायचे."

"डावखुरा कुठे? उजव्या हातानं खातोय तो," अलीकडून उत्तर गेलं.

"तुम्हाला दिसत नाही आताशा."

"मला? मोतीबिंदू कुणाचा काढला?"

मग मुलांनी केलेली मोठ्या अक्षरांची एक पाटी चादरीवर आली. आजोबांनी ती घडाघडा वाचली. पलीकडून काहीच ऐकू आलं नाही. संचितानं चादरीचं टोक उचललं, रखमाबाईंचा हात धरून त्यांना या बाजूला आणलं.

त्या चादरीवरची अक्षरं एकेक करून पाहू लागल्या. तुमचा तंबू वेगळा नव्हता, हे आता त्यांना सांगावं लागणार म्हणून मी शब्द जुळवत होतो. लग्नापासूनचं भांडण हरलेल्या बाईला काय सांगतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

"म्हणजे ती अक्षरं उलटी होती?" त्यांनी विचारलं.

"हो, रखमाबाई. मागून बघितलं की उलटी."

"आत्याला वाचता येत नव्हतं. मला म्हणाली, तू चौथीत आहेस ना, वाच पडद्यावर काय लिहिलंय ते. मला एक अक्षर लागेना. तिनं घरी जाऊन सांगितलं, पोरगी नुसती शाळेत जाऊन बसते. वडिलांनी दुसऱ्या दिवशी शाळेतून नाव काढलं. मलाही खरंच वाटलं, मास्तर. म्हटलं, डोकंच नसेल मला."

सहदेव आजोबांना उत्तराला कधी उशीर होत नाही. त्या दिवशी झाला. मग ते म्हणाले, "मी सरळ बाजूला बसायचो. चौथीत दोनदा नापास झालो."

"हे तुम्ही आधी नाही सांगितलंत."

"कुणी विचारलंच नाही."

मी कुंडलिककडे जाऊन चूक कबूल केली. थिएटर एकच. त्याचा चेहरा पडला. "सर, ठराव दोन पाट्यांचा झालाय. एक रद्द करायची तर परत सभा घ्यावी लागेल, आणि सभेला माणसं जमत नाहीत. तुम्ही मजकूर बदला, पाट्या दोनच राहू द्या." अशा रीतीनं, सभेला माणसं जमत नाहीत म्हणून, रखमाबाईंना त्यांची पाटी मिळाली. मजकूर मुलांनी केला. कापडगल्लीत 'तंबूतल्या सिनेमाचे पुरुषांचे दार', तळ्याच्या गल्लीत 'तंबूतल्या सिनेमाचे बायकांचे दार'.

उद्घाटनाला ब्यूटी पार्लरच्या मुलींनी रांगोळी काढली. कुंडलिकनं भाषणात महान परंपरेचा तीनदा उल्लेख केला. रखमाबाई पाटीजवळ गेल्या आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला, मोठ्यानं. कुणी घाई केली नाही. सहदेव आजोबांनीही नाही.

वाचून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "आत कुठून गेलो ते लिहिलंत. बघितलं कुठून, ते लिहिलंच नाही."

"पुढच्या सभेत घेऊ, आजी," कुंडलिक म्हणाला.

"तुम्ही सांगा, मी लिहून घेते," संचितानं वही उघडली.

"तू कशाला?" रखमाबाई म्हणाल्या. "पेन दे इकडे."