आप्पांना मोक्ष मिळाला तेव्हा

माझे वडील, सुपडू आप्पा, गेल्या माघात वारले. उत्तरायण होतं, शुक्ल पक्ष होता आणि भर दुपारची वेळ होती. अशा वेळी गेलेला माणूस पुन्हा जन्माला येत नाही, असं शास्त्र सांगतं. तेराव्याला जमलेल्या लोकांना मी हे समजावून सांगितलं; जरा जास्तच समजावून सांगितलं. मी शाळेत संस्कृत शिकवतो, त्यामुळे असल्या विषयात मला कुणी थांबवत नाही. बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्यानंतर माझा मान वाढला. मोक्ष आप्पांना मिळाला होता आणि नमस्कार मला होत होते. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

असे काही महिने बरे गेले. मग दापोऱ्याहून अक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, मालूबाईचा फोन आला. तिच्या लेकीला, तृप्तीला, मुलगा झाला होता. मी काही बोलायच्या आतच अक्का म्हणाली, "भाऊ, आप्पा परत आले."

बाळाच्या उजव्या कानामागे आप्पांसारखाच तीळ होता म्हणे. पंखा लावला की ते रडायचं, बंद केला की गप्प व्हायचं. हीही आप्पांचीच खोड. अक्कानं हे अख्ख्या गावाला सांगून टाकलं होतं.

मला राग आला. अजून वर्षश्राद्धही व्हायचं होतं, आणि हे परत आले? मग मी एवढं सांगितलं त्याचं काय? गल्लीत कळलं तर मी कुठल्या तोंडानं वावरायचं? बायको सुलभा म्हणाली, एका तिळापायी एवढं कशाला मनाला लावून घ्यायचं. रविवारी सकाळची बस धरली आणि अक्काची समजूत घालायला दापोऱ्याला गेलो.

अक्का ओट्यावर बाळाची झोळी हलवत बसली होती. मी समोर बसून आत्मा, कर्म, बंधन, सगळं सोपं करून सांगितलं. तिनं एकदाही अडवलं नाही. माझं झाल्यावर तिनं शांतपणे विचारलं, "आप्पाले मोक्ष पाह्यजे व्हता, हे तुले कोनं सांगितलं?"

तो प्रत्येकालाच हवा असतो, असं मी म्हणालो.

"शेवटी मी जवळ व्हती. तू औषध आनाले गेला व्हता. त्याहिनं देवाचं नाव नाही घेतलं. केळीले पानी देलं का, एवढंच इचारलं."

केळी निसवायच्या, घड बाहेर पडायच्या दिवसांत आप्पा देवळातसुद्धा जात नसत. बाग सोडून बुऱ्हाणपूरला माझ्याकडे एक रात्र राहायचं म्हटलं तरी त्यांच्या जिवावर यायचं. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटायचंय, असं त्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. आणि मी त्यांना न विचारता थेट पार पोचवून मोकळा झालो होतो.

तृप्तीनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. तीळ बघायचा नाही, असं मी ठरवून आलो होतो. बघितला. होता. तेवढ्यात बाळानं डोळे उघडले, कपाळाला आठी घातली, आणि मी सावरून बसलो. "झोपा तुम्ही," माझ्या तोंडून निघालं. "मी आहे इथं."

तृप्ती हसली. तान्ह्या पोराला अहो-जाहो करणारा मामा तिनं पहिल्यांदाच पाहिला होता. मला लाज वाटायला हवी होती, पण आप्पा गेल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी तिथंच बसून राहिलो आणि उकडत असूनही कुणाला पंखा लावू दिला नाही.

परतीची बस चुकली, म्हणून रिक्षात बसलो. शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी हिंदीत विचारलं, दापोऱ्याला कुणाकडे आला होता?

"वडिलांना भेटायला," मी म्हणालो.

त्यांनी आदरानं तब्येतीची चौकशी केली. मी सांगितलं, तब्येत छान आहे, फक्त झोप फार घेतात.