स्मरणवर्गाच्या मास्तरांची यादी

दर शनिवारी दुपारी बसवनगुडीतल्या आमच्या घरी मी मुलांचा स्मरणवर्ग घेतो. फी नाही, उलट मुलांनाच चुरमुरे मिळतात. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यावर नुसतं बसवेना, म्हणून हा उद्योग. मुलांनी डाव्या हाताने दात घासायचे, घरच्यांचे फोन नंबर पाठ करायचे आणि दिवसभरात पाहिलेली एक गोष्ट संध्याकाळी आठवून वहीत काढायची. मीही हे सगळं करतो. डाव्या हाताने दाढीही करून पाहिली, पण रक्त पाहून माझ्या बायकोने, नीरजाने तो प्रयोग पहिल्याच दिवशी बंद पाडला.

गेल्या महिन्यात मी मुलांना वाचनालयात घेऊन गेलो आणि विराटला तिथेच विसरून आलो. सहा नेली, पाच आणली. विराट आठ वर्षांचा, वरच्या मजल्यावरच्या कानडी धनलक्ष्मीचा धाकटा. तो पुस्तकात इतका रमला होता की आपण मागे राहिलोय हे त्याला कळलंच नव्हतं. त्याच्या आईला मात्र लगेच कळलं.

"राग मानू नका अण्णा," ती दारात उभी राहून म्हणाली. "स्वल्प दिवस वर्ग बंद ठेवूया."

तिने पोरं पाठवली नाहीत, तर बाकीच्या आयाही पाठवणार नाहीत. शनिवार गेला की माझ्या आठवड्यात उरतं काय? बीपीच्या गोळ्या आणि वर्तमानपत्र.

"तू मला सात वस्तू सांग," मी म्हणालो. "कागद न नेता गांधीबाजारातून आणतो. एक जरी चुकली तरी वर्ग कायमचा बंद."

"एवढं कशाला, अण्णा?"

"सांग गं सांग," नीरजा आतून ओरडली. "तेवढाच बाजार होईल."

धनलक्ष्मीने सांगितलं: गूळ, रवा, अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा, कोथिंबीर, लिंबं, केळी आणि शिवायचा पांढरा दोरा.

माझी पद्धत साधी आहे. डोळ्यांपुढे आपलं घर आणायचं आणि फाटकापासून मोरीपर्यंत एकेका जागी एकेक वस्तू ठेवायची. चित्र जितकं येडचाप, तितकं पक्कं. मी फाटकात गुळाची ढेप ठेवली, चपलांत रवा ओतला, झोपाळ्यावर शेंगा बसवल्या. निघालो.

बाजारात पोचून डोळे मिटले. फाटक दिसलं. फाटकात एक नारळ पहारेकऱ्याची टोपी घालून सलाम ठोकत होता. वा! पुढे चपलांत चुरमुरे, झोपाळ्यावर खराटा. काहीही अडलं नाही. तासाभरात दोन पिशव्या भरून, छाती काढून मी घरी आलो.

धनलक्ष्मी, विराट आणि त्याची बहीण भूमिका वाट पाहत होती. एकेक नाव खणखणीत घेत मी टेबलावर वस्तू मांडल्या: नारळ, चुरमुरे, खराटा, कापूर, लिंबं, मेणबत्त्या, शेंगदाणे.

विराट म्हणाला, "अज्जा, ही तर आपल्या वर्गातली यादी!"

खरंच. गेल्या शनिवारी मुलांकडून हीच यादी मी दहा वेळा घोकून घेतली होती. धनलक्ष्मीच्या सातांपैकी फक्त लिंबं बरोबर आली होती, कारण ती दोन्ही याद्यांत होती.

"चला, खराटा तरी कामाचा आणलात," नीरजा म्हणाली.

"ठरलं तसं," मी म्हणालो. "वर्ग बंद." आवाज हसरा ठेवायचा होता, ते जमलं नाही.

दहा वर्षांची भूमिका माझ्याकडे बघत होती. "अज्जा, नवीन वस्तू ठेवायच्या आधी जुन्या बाहेर काढल्या का?"

"काढायच्या असतात?"

"मी तर आधी सगळं घर रिकामं करते. नाहीतर गर्दी होते ना."

"हे मी शिकवलं होतं?"

"नाही. माझं मीच."

धनलक्ष्मीने लेकीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या कापराकडे. "अण्णा, वर्ग चालू दे. पण ही शिकवेल. तुम्ही पोरांत बसायचं. आणि वाचनालयात जाताना डोकी मोजायला मी येणार. सरी?"

"सरी," मीही कबूल केलं. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या शनिवारी मी चटईवर विराटच्या शेजारी मांडी घातली. भूमिकेने घर रिकामं करायची रीत समजावली. मला जमेना. तिने पुन्हा सांगितली. तरी जमेना. तिसऱ्यांदाही तिने तितक्याच हळू आवाजात, माझ्या दुखऱ्या गुडघ्यांना उठावं लागू नये म्हणून जवळ येऊन सांगितली. शाळेत मी तीन-तीनदा असं कोणाकोणाला समजावलं होतं, ते आठवू लागलो. एकही नाव येईना. तेवढ्यात विराटने कोपराने ढोसलं.

"अज्जा, तुमची पाळी."