टिळ्यावरचं बोट

पेणला लोक गणपतीच्या मूर्ती न्यायला येतात, हे साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. पण अठ्ठ्याण्णव साली, गणपतीला दोन महिने असताना, लोक गणपती सोडून त्याच्या वाहनाच्या दर्शनाला येऊ लागले. एस.टी. स्टँडमागच्या मंगल कार्यालयात दर मंगळवारी सकाळपासून रांग लागे. कासूहून, नागोठण्याहून, थेट रोह्याहून माणसं येत. खाडीकाठच्या मिठागरांवरच्या बाया भाकरी बांधूनच निघत, कारण नंबर कधी लागेल याचा नेम नसे.

व्यासपीठावर मखर होतं आणि मखरात, लाल वस्त्र घातलेल्या पाटावर, एक लॅपटॉप होता. एका हाताने उचलता येईल असा हलका आणि चपटा. त्याच्यावर झेंडूची माळ, पुढे दुर्वांची जुडी आणि मोदकाचं ताट. मोदक संध्याकाळी कोण खाई हे विचारण्याचा उद्धटपणा कोणी केला नव्हता. शेजारी श्री मोरेश्वरनाथ महाराज बसत. पूर्वाश्रमी हे कासूचे मोरू. पनवेलला टाइपरायटर दुरुस्त करायचे. टाइपरायटर गेले, दुकान गेलं, आणि मोरूला साक्षात्कार झाला.

"विलायतेत ह्याला काय म्हणतात?" महाराज विचारत आणि स्वतःच उत्तर देत. "माऊस म्हणतात. माऊस म्हणजे काय? मूषक. गोऱ्यांना कळलं ते आपल्याला कळू नये? यंत्र त्यांचं असेल, वाहन आपलं आहे."

लोक माना डोलावत. पडद्यावर खरोखरच बाणाच्या जागी छोटासा उंदीर असे. तो कधी सरसर पळे, कधी मध्येच अदृश्य होई, आणि महाराजांची मर्जी असली तर एकाचे सात होऊन रांगेने धावत. पेणसारख्या गावात, जिथे वर्षाचे बारा महिने हजारो उंदीर मातीतून घडतात आणि उन्हात वाळतात, तिथे चालणारा उंदीर प्रथमच आला होता.

देवळात गणपतीपुढच्या उंदराच्या कानात इच्छा सांगायची आपल्याकडे रीतच आहे. महाराजांनी ती सोय इथेही केली होती. लॅपटॉपच्या कुशीला एक बारीक भोक होतं, कानाला लावायच्या यंत्राची वायर खुपसायचं. तोच मूषकाचा कान. भक्त वाकून, तोंडाशी हात धरून त्या भोकात आपली व्यथा कुजबुजे. ती मूषकाच्या कानात शिरत होती की नाही कोण जाणे, वीतभर अंतरावर बसलेल्या महाराजांच्या कानात मात्र शिरत होती.

मग कौल. पडद्यावर डाव्या कोपऱ्यात खाली लिहिलेलं 'शस्त्र', उजव्या कोपऱ्यात वर लिहिलेलं 'तीर्थ'. शस्त्र म्हणजे डॉक्टर, सुई, ऑपरेशन. तीर्थ म्हणजे महाराजांच्या बाटलीतलं पाणी. आजवर एकाही भक्ताला शस्त्राचा कौल मिळाला नव्हता.

दाजींनाही नाहीच मिळाला.

दाजी डोळे आखत. म्हणजे कारखान्यात मूर्ती घडून, रंगून झाली की शेवटी तिचे डोळे रंगवायचं काम त्यांच्याकडे येई. हे काम सगळ्यांना येत नाही. केसभर चुकलं की देव चकणा. दाजींचा हात चाळीस वर्षांत चुकला नव्हता. यंदा चैत्रात मात्र शेजारचा रंगाचा वाडगा त्यांच्या कोपराने तीनदा सांडला. समोरचं लख्ख दिसे, कडेचं दिसेना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर कडेने मरत आत येते, गेलेली परत येत नाही, उरलेली वाचवायची तर ऑपरेशन लवकर करा, असं म्हणून तारीखही दिली. त्या तारखेला दाजी दवाखान्यात गेलेच नाहीत. दोन दिवस आधी त्यांची बायको गिरजाबाई त्यांना मूषकराजांकडे घेऊन गेली होती आणि कौल तीर्थाचा आला होता.

नूतनला हे कळलं तेव्हा पंधरा दिवस उलटून गेले होते. ती दाजींची भाची. आईवडिलांमागे मामा-मामींनीच तिला वाढवलं, शिकवलं. आता ती रोह्याला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवत होती आणि तिथेच खोली घेऊन राहत होती. रविवारी पेणला आली तर मामा ओट्यावर डोकं मागे टाकून बसलेले आणि मामी त्यांच्या डोळ्यांत बाटलीतलं पाणी सोडत असलेली. नूतन संतापली. तिने डॉक्टरकडून दुसरी तारीख आणली, येत्या गुरुवारची. पण दाजी तयार होईनात.

"कापाकापीला माझा जीव घाबरतो गो," दाजी म्हणाले. "हात गेला तरी चालंल, डोळा नाय गेला पायजे. आणि त्याला कोणी हात लावला नव्हता. महाराजांचे दोन्ही हात वर. मूषक आपल्या पायांनी गेला. मी माझ्या डोळ्यांनी बघितला."

नूतनने नीट विचारून घेतलं. आधी काय झालं, मग काय झालं. गिरजाबाईंनी भक्तिभावाने सगळं सांगितलं. मूषक आधी शस्त्राच्या कोपऱ्यात उभा असतो, संकटात. महाराज त्याच्या टिळ्याला बोट लावून एकवीस वेळा मंत्र म्हणतात. मग हात वर करतात आणि मूषक निघतो.

"टिळा कुठे असतो, मामी?"

"अक्षरांच्या मधोमध. लाल. मसुराच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा."

नूतन म्हणाली, "मंगळवारी मीपण येते. मूषक म्हणाला तीर्थ, तर मी पुन्हा ऑपरेशनचं नाव काढणार नाही. शस्त्र म्हणाला तर गुरुवारी जायचं. कबूल?"

दाजी कबूल झाले. मूषकावर त्यांचा विश्वासच होता.

नूतनला ही लाल टिकली चांगली ओळखीची होती. क्लासच्या मालकांना आखातातल्या मेहुण्याने असाच एक हलका लॅपटॉप पाठवला होता. त्याला माऊस नव्हताच. अक्षरांमध्ये रबराची एक लाल टिकली होती, ती बोटाने ज्या बाजूला रेटावी तिकडे पडद्यावरचा बाण जाई. आठ दिवसांत बाण बिघडला. कोणी हात लावलेला नसताना आपला आपण सरकू लागला. मुलं म्हणाली, मॅडम, ह्यात भूत हाय. मालक म्हणाले, व्हायरस आहे. नूतनने व्हायरस शोधला, मिळाला नाही. टिकली काढून पुसली, प्रोग्राम पुसून नव्याने घातला, बॅटरी काढून पाहिली. बाण पळतच होता. शेवटी तिने वहीत लिहायला सुरुवात केली की हे केव्हा होतं आणि कोण बसलेलं असताना होतं. पाच दिवसांनी वही सांगू लागली की भूत फक्त ऋतुजा नावाच्या मुलीच्या वेळेला येतं. ऋतुजाला विचार करताना बोट टिकलीवर दाबून ठेवायची सवय होती. पुढचं कोडं नूतनने यंत्राबरोबर आलेली पुस्तिका वाचून सोडवलं.

मंगळवारी कार्यालय भरून वाहत होतं. दाजींचा नंबर आला. ते वाकून कानात कुजबुजले. महाराजांनी मान हलवली, टिळ्याकडे बोट नेलं, आणि नूतन हात जोडून पुढे झाली.

"महाराज, डोळे मामांचे आहेत. आज टिळ्याला त्यांचंच बोट लागू द्या. मंत्र आपण म्हणा."

महाराज म्हणाले, सिद्धी लागते. नूतन म्हणाली, चाळीस वर्षं ह्या बोटाने देवाला डोळे दिलेत, ह्याच्याहून मोठी सिद्धी कोणती? हे वाक्य पेणच्या गर्दीत बोललं गेल्यावर महाराजांना वाट उरली नाही. निम्म्या घरांतल्या गणपतीने दाजींच्या आखलेल्या डोळ्यांनी जग पाहिलं होतं. मागून दोन-चार आवाज आले, व्हय व्हय, दाजींनाच लावू द्या.

नूतनने दाजींचं बोट टिकलीवर ठेवलं आणि हळूच म्हणाली, "मामा, उजवीकडे वरती रेटा. हलकेच, पण ढिलं सोडू नका. डोळ्याची रेघ ओढताना कुंचला धरता तसं."

दाजींनी रेटलं. उंदीर सरसर निघाला आणि 'तीर्थ' लिहिलेल्या कोपऱ्यात जाऊन थांबला. पुढे जागाच नव्हती. गिरजाबाईंनी हात जोडले. महाराजांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. ते म्हणाले, "झाला कौल. उचला बोट."

"मंत्र राहिला ना, महाराज," नूतन म्हणाली. "एकवीस वेळा."

महाराज मंत्र म्हणू लागले, पण घाईने. उंदीर कोपऱ्यात गप्प उभा होता आणि दाजींचं बोट टिकली रेटतच होतं. चाळीस वर्षांचा हात, इतकासाही हलला नाही. एकविसावा मंत्र संपला.

"मामा, आता दोन्ही हात वर."

दाजींनी हात वर केले. आणि मूषकराज तीर्थाकडे पाठ फिरवून निघाले. कोणी हात लावलेला नव्हता. सावकाश, तिरके, खाली डावीकडे सरकत ते पडदा ओलांडून गेले आणि 'शस्त्र' या अक्षरांवर जाऊन टेकले.

महाराज म्हणाले, मूषक कोपला, बाईमाणसाने मध्ये तोंड घातलं म्हणून. आणि लॅपटॉपचं झाकण लावायला गेले. पण दाजींनी झाकण धरून ठेवलं.

"थांब, मोरू," ते म्हणाले. महाराज हा शब्द त्यांच्या तोंडून तिथेच गळाला.

त्यांनी स्वतःहून पुन्हा टिकलीवर बोट ठेवलं. या वेळी उलट, खाली डावीकडे रेटलं. मंत्र कोणी म्हटला नाही, दाजींनी मनात आकडे मोजले. बोट उचललं. उंदीर उठून तीर्थाकडे चालू लागला. मग आडवं रेटलं, उंदीर आडवा परतला. दाजी हसू लागले. डोळे दगा देत होते, बोट नव्हतं. हाताखाली काय चाललंय ते त्या बोटाला बरोबर कळलं होतं.

गर्दीला मात्र अजून उमगत नव्हतं. पहिल्या रांगेत मिठागरावरच्या धोंडुबाई बसल्या होत्या. नूतनने त्यांनाच विचारलं, "मावशी, मिठाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून लांब चालत आलात आणि पाटी खाली टाकली, तर मानेला काय वाटतं?"

"हलकी व्हते गो. वर वर जाते. कोणी वरनं ओढतंय असं वाटतं."

"कोण ओढतं?"

"कोण नाय. ओझ्याची सवय झालेली असते मानेला."

"ह्या टिकलीचं तेच. कोणी तिला खूप वेळ एकाच बाजूला दाबून धरलं की ती त्या दाबालाच आपलं रोजचं बसणं समजते. दाब काढला की तिला वाटतं, कोणीतरी उलट बाजूला रेटलं. म्हणून बाण उलटा पळतो. थोड्या वेळाने तिची चूक तिला कळते आणि तो थांबतो. ही टिकलीची खोड आहे, पुस्तिकेत छापलेली आहे. महाराज मंत्र संपेपर्यंत शस्त्राकडेच रेटतात, उंदीर कोपऱ्यात अडलेला असतो म्हणून ते दिसत नाही. आमच्याकडे हे झालं तेव्हा आम्ही बोट दाबून ठेवायची सवय मोडली. ह्यांनी त्या खोडीलाच मखरात बसवलं."

मग तिने बाकीचंही उघडं केलं. बाणाच्या जागी उंदराचं चित्र लावता येतं. हलक्या प्रतीच्या पडद्यावर बाण जोरात पळवला की दिसेनासा होतो, म्हणून त्याच्यामागे त्याच्याच प्रतिमांची शेपूट लावायची सोय यंत्रातच असते. तिने एका चौकोनात खूण केली, एकाचे सात उंदीर झाले. खूण काढली, सहा मेले. सगळ्यात शेवटी ती म्हणाली की या यंत्राला माऊस नाहीच. माऊस म्हणजे टेबलावर हाताने फिरवायची वेगळी वस्तू. म्हणजे महिनाभर पेणकरांनी जो उंदीर पुजला, तो तिथे कधी नव्हताच.

मोरेश्वरनाथ तेवढ्यात मागच्या दाराने अंतर्धान पावले. लॅपटॉप राहिला, मोदक राहिले. मोदक मिठागरावरच्या बायांनी वाटून खाल्ले.

गुरुवारी दाजींचं ऑपरेशन झालं. इथे खोटं गोड लिहिण्यात अर्थ नाही. डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा राहील. डाव्याची बरीच नजर गेल्या महिन्यात गेली, पहिल्या तारखेला आला असता तर त्यातली काही राखता आली असती. गिरजाबाई दवाखान्याच्या बाकावर पदर तोंडात धरून रडल्या. तीर्थ त्यांनीच घातलं होतं, आपल्या हाताने, दिवसातून तीनदा. नूतन त्यांच्याजवळ बसून राहिली. मामीला दोष द्यावा असं तिला एकदाही वाटलं नाही, मोरूला मात्र तिने मनातल्या मनात भरपूर दिला.

त्या वर्षी दाजींनी एका डोळ्याने जमतील तेवढेच गणपती आखले. कारखान्यात गिऱ्हाईकं येत, मूर्ती बघता बघता मूषकाची गोष्ट निघे आणि कोणीतरी हटकून म्हणे, दाजी, तुमच्यासारखा जाणता माणूस फसला कसा?

दाजी कुंचला खाली ठेवत.

"मला काचबिंदू होता, बाबा," ते म्हणत. "समोरचा उंदीर दिसत होता, कडेचं मोरूचं बोट दिसत नव्हतं. डॉक्टरनी तसं लिहून दिलंय. कार्यालयात दोनशे माणूस बसलं होतं, सगळ्यांचे डोळे धड. त्यांना काय झालं होतं? चमत्कार कोणी दाखवला तर खुशाल बघा, पण आधी त्याचं बोट कुठं हाय ते बघा. तेवढं बघायला देवाने कडेची नजर दिलीय. माझी गेली, तुमची हाय अजून."

आणि ते पुन्हा कुंचला उचलून, श्वास धरून, समोरच्या गणपतीला डोळा देऊ लागत.